परक्या लढ्यातला आपला माणूस : डॉ. द्वारकानाथ कोटणीस



व्याख्यानमालेत बोलायला विद्वान माणसे बोलवावीत असा शिरस्ता आहे. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या गेटवर आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न धरता एका प्रश्नाचा उलगडा माझ्यासोबत करून पाहावा, एवढीच विनंती.

प्रश्न माझा नव्हे, एका कामगाराचा. कांजूरमार्गला आमच्या युनियनच्या खोलीत डॉ. कोटणीसांची तसबीर आहे. २०२० च्या जूनमध्ये गलवान खोऱ्यात आपले वीस जवान धारातीर्थी पडले. त्याच वर्षी ९ डिसेंबरला, डॉक्टरांच्या पुण्यतिथीला, मी तसबिरीला हार घालत होतो. एक तरुण फिटर म्हणाला, "काका, हा चीनचा माणूस ना? ह्याला हार कशाला?" मी थातुरमातुर उत्तर दिले. रात्री झोप आली नाही. पोरगा चुकला नव्हता. चुकलो होतो मी, कारण इतकी वर्षे हार घातला, पण तो का घालायचा हे कोणाला सांगितले नव्हते.

आधी हकीकत पाहू. द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म सोलापूरचा, १० ऑक्टोबर १९१०. सोलापूर म्हणजे गिरण्यांचे गाव. १९३० च्या मे महिन्यात तिथे इंग्रजांनी लष्करी कायदा पुकारला, आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लाप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, किसन सारडा व कुर्बान हुसेन या चौघांना फाशी दिले. आपल्या गावचे चौघे फासावर गेले तेव्हा कोटणीस विशीत होते. पुढे मुंबईच्या शेठ गो. सुं. मेडिकल कॉलेजातून ते डॉक्टर झाले.

१९३७ साली जपानने चीनवर मोठी चढाई केली. आठव्या मार्गसेनेचे सेनापती चू ते यांनी पंडित नेहरूंकडे डॉक्टरांची मागणी केली. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी १९३८ च्या जुलैत देशभर निधी गोळा केला. बावीस हजार रुपये जमले, रुग्णवाहिका मिळाली. अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि कोटणीस असे पाच डॉक्टर १ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून निघाले. जो देश स्वतः पारतंत्र्यात होता, त्याने दुसऱ्याच्या स्वातंत्र्यासाठी पैसा आणि माणसे दिली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

पथक १९३९ च्या फेब्रुवारीत येनानला पोहोचले. वडील वारल्याची बातमी कोटणीसांना चीनमध्येच कळली. ते परतले नाहीत. पुढे ते थेट आघाडीमागच्या डोंगराळ मुलखात गेले. १९४० च्या मोठ्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या. कॅनडाचे सर्जन नॉर्मन बेथ्यून १९३९ च्या नोव्हेंबरात तिथेच वारले होते. त्यांच्या नावाच्या इस्पितळाचे प्रमुखपद १९४१ मध्ये कोटणीसांकडे आले. ते चिनी भाषा शिकले आणि त्याच भाषेत विद्यार्थ्यांना शिकवू लागले. क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांचा विवाह झाला. मुलाचे नाव ठेवले यिनहुआ. 'यिन' म्हणजे भारत, 'हुआ' म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी डॉक्टर गेले. वय अवघे बत्तीस.

आता मूळ मुद्दा. परदेशी माणसाला एखादे राष्ट्र आपला वीर का मानते? नुसते शौर्य पुरत नाही. महादजी शिंद्यांच्या पदरी दे ब्वाञ नावाचा सरदार होता. त्याने पलटणी उभ्या केल्या, लढाया जिंकल्या. पण तो पगारी होता, आणि पुरेसे धन जमल्यावर युरोपात परतला. त्याच्या कर्तबगारीची नोंद इतिहास घेतो, पण त्याची पुण्यतिथी कोणी करीत नाही. उलट इंग्रज कवी बायरन ग्रीसच्या स्वातंत्र्यासाठी गेला आणि १८२४ साली मिसोलोंगीला तापाने वारला. त्याने एकही लढाई जिंकली नाही, तरी ग्रीक लोक त्याला आपला मानतात. फरक इथे आहे. ज्याच्यावर सक्ती नव्हती, ज्याला परतीची वाट मोकळी होती, तरी जो त्या लोकांचे हाल वाटून घेत राहिला, त्यालाच परके लोक आपला म्हणतात. कोटणीसांच्या पथकातले बाकीचे चौघे आपापले काम करून परतले. त्यात कमीपणा नाही. हे एकटे मात्र राहिले.

चीनने त्यांना शिजियाझुआंगच्या हुतात्म्यांच्या स्मशानभूमीत जागा दिली. आपल्याकडे व्ही. शांतारामांनी १९४६ साली चित्रपट काढला, १९९३ साली टपाल तिकीट निघाले, सोलापुरात राहत्या घरी स्मारक झाले. तरीही एक धोका सांगितला पाहिजे. सन्मान सरकारांच्या हाती गेला की तो राजकारणाच्या वाऱ्यावर फिरतो. मैत्रीच्या दिवसांत फुले वाहायची आणि १९६२ सारखे युद्ध झाले की तसबीर उतरवायची, यात मृताचा दोष कोणता?

त्या फिटरला मी नंतर जे सांगितले तेच इथे सांगतो. कोटणीस गेले ते परचक्राखाली सापडलेल्या लोकांसाठी. ज्या न्यायाने ते जपानी आक्रमणाविरुद्ध उभे राहिले, त्याच न्यायाने आपल्या सीमेवरच्या आक्रमणाला आक्रमणच म्हणावे लागेल. गलवानच्या जवानांना वंदन करणे आणि कोटणीसांना हार घालणे यात विरोध नाही. दोन्ही त्याच एका न्यायाचे आहे.

तो म्हणाला, "पटलं काका. पण नुसता हार घालून काय होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हते. मला एक जुना प्रसंग आठवला. एका कारखान्यात प्रेसखाली सोबत्याची बोटे सापडली, तेव्हा प्रथमोपचाराच्या पेटीत आयोडिनच्या रिकाम्या बाटलीखेरीज काही निघाले नाही. त्याचा हात मी माझ्या सदऱ्यात गुंडाळला होता. जखम कशी बांधावी हे आम्हां पन्नास माणसांत एकालाही ठाऊक नव्हते.

तेव्हापासून ९ डिसेंबरला आमच्या खोलीत हार घालून झाला की पट्टी बांधायला शिकवतात आणि रक्तदान होते. पेट्या तपासण्याचे काम त्या फिटरने आपणहून अंगावर घेतले आहे. तसबीर अजून भिंतीवर आहे, आणि ती कोणाची हे आता नव्या पोरांना तोच सांगतो.