वॉलपेपर कुणाचा?

हिरव्या गवताची, लाटेसारखी उतरत गेलेली टेकडी आणि तिच्यावर पांढऱ्या ढगांचे निळे आकाश. दोन हजारच्या दशकात ज्याने बँकेत, सायबर कॅफेत किंवा महाविद्यालयाच्या संगणक कक्षात संगणक सुरू होताना पाहिला आहे, त्याला या चित्राची वेगळी ओळख करून देण्याची गरज नाही. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या 'विंडोज एक्सपी' या प्रणालीबरोबर हे चित्र घरोघरी पोहोचले. चित्र साऱ्यांना ठाऊक. ते कुणाचे, हे मात्र क्वचितच कुणाला सांगता येई. कित्येकांचा तर ते संगणकावरच रंगवले आहे, असा समज होता.

वस्तुतः ते छायाचित्र आहे. 'नॅशनल जिऑग्राफिक'साठी अनेक वर्षे काम केलेले अमेरिकी छायाचित्रकार चार्ल्स ओ'रियर यांनी जानेवारी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यातून मोटारीने जाताना रस्त्याच्या कडेला थांबून ते टिपले. त्या टेकडीवर एरवी द्राक्षाचे मळे असत. फायलोक्सेरा या किडीमुळे वेली काढून टाकाव्या लागल्या आणि म्हणून तेथे गवत वाढले होते. (आपल्या नाशिक-सांगलीकडच्या बागायतदाराला त्या हिरवळीत आधी कुणाचे तरी नुकसान दिसेल.) मायक्रोसॉफ्टने २००० साली या छायाचित्राचे संपूर्ण हक्क विकत घेतले. किती रकमेला, हे करारामुळे गुप्त आहे. पण ती रक्कम एवढी मोठी होती, की तेवढ्या मोलाची वस्तू पोहोचवण्याची जबाबदारी कुरिअर कंपन्या घेईनात. अखेर मूळ फिल्म घेऊन ओ'रियर स्वतः विमानाने सिअ‍ॅटलला गेले.

ओ'रियर यांना मोबदला मिळाला आणि उशिरा का होईना, नावही मिळाले. परंतु त्याच काळात संगणकाच्या पडद्यासाठी रात्र-रात्र जागून चित्रे तयार करणारे आणि ती इंटरनेटवर विनामूल्य वाटून टाकणारे हजारो तरुण होते. त्यांना पैशाची अपेक्षा नव्हती. त्यांची अट एकच असे : चित्र खुशाल वापरा, पण आमचे नाव राहू द्या. ही अट पाळली जाण्यासाठी त्यांनी आपापसांत जी शिस्त उभी केली, तिची आणि ती मोडली कशी, याची हकीकत समजून घेण्यासारखी आहे.

या मंडळींचे सर्वांत मोठे व्यासपीठ म्हणजे 'डेव्हिअंटआर्ट'. स्कॉट जारकॉफ, मॅथ्यू स्टीफन्स आणि अँजेलो सोटिरा या तिघांनी ७ ऑगस्ट २००० रोजी ते सुरू केले. गाणी ऐकण्याच्या 'विनअ‍ॅम्प' या सॉफ्टवेअरचे रूप पालटणारी 'स्किन' तयार करण्याची तेव्हा मोठी हौस होती. कंपनीने दिलेले रूप न वापरता ते आपल्या मनासारखे 'वळवून' घ्यायचे, या कल्पनेतूनच 'डेव्हिअंट' हे नाव आले. सभासद स्वतःला डेव्हिअंट म्हणवत आणि प्रत्येक कलाकृतीला 'डेव्हिएशन'. पुढे तेथे चित्रे, छायाचित्रे, कविता असे सारेच आले, तरी वॉलपेपर हे त्या घराण्याचे मूळ अपत्य. निवडक कलाकृतींना रोज 'डेली डेव्हिएशन'चा मान मिळे. कुठल्याशा गावातल्या, कुणी नाव न ऐकलेल्या विद्यार्थ्याचे काम त्या दिवशी जगभरातून पाहिले जाई.

वॉलपेपर तयार करणे हे वरवर दिसते तितके सोपे काम नाही. भिंतीवरचे चित्र पाहण्यासाठी असते. वॉलपेपरवर मात्र काम करायचे असते. विंडोजमध्ये आयकॉन डाव्या बाजूला वरून खाली रांगेने येतात आणि तळाशी टास्कबार असतो. म्हणून अनुभवी कलाकार चित्राचा मुख्य विषय बहुधा उजवीकडे सरकवतो आणि डावी बाजू शांत, एकाच छटेची ठेवतो. तेथे बारीक पाने, गर्दी किंवा काळ्या-पांढऱ्याचा खेळ केला, तर आयकॉनखालची अक्षरे वाचता येत नाहीत. मॅकिंतोशवर आयकॉन उजवीकडे येतात, त्यामुळे काहीजण तेच चित्र आरशात पाहावे तसे उलटवून दुसरी आवृत्तीही देत.

मग प्रश्न येतो आकाराचा. त्या काळातल्या बहुतेक पडद्यांची रुंदी-उंची ४:३ या प्रमाणात असे : ८०० बाय ६००, १०२४ बाय ७६८, १६०० बाय १२००. यात १२८० बाय १०२४ हा आकार मोठा फसवा होता. तो सर्रास वापरला जाई, पण त्याचे प्रमाण ५:४ आहे. ४:३ चे चित्र त्यावर ताणले की वर्तुळ उभे, लंबगोल दिसू लागे. नंतर रुंद पडदे आले, १४४० बाय ९००, १६८० बाय १०५०, आणि तेच वर्तुळ आडवे पसरले. एक्सपीतील 'स्ट्रेच' हा पर्याय प्रमाणाची पर्वा न करता चित्र ताणून बसवत असे. प्रमाण राखून पडदा भरण्याची सोय 'विंडोज ७'मध्ये २००९ साली आली. त्यामुळे जबाबदार कलाकार एकच चित्र पाच-सहा आकारांत पुन्हा मांडून, सारे एका झिप फाइलमध्ये बांधून देई. नुसते कापून भागत नसे; प्रत्येक आकारात विषय पुन्हा तोलावा लागे.

आकाशासारख्या हळूहळू गडद होत जाणाऱ्या भागात आणखी एक अडचण असते. संगणक प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या दाखवतो. एवढ्या मोठ्या पडद्यावर निळ्या रंगाच्या मोजक्याच पायऱ्या पसरल्या की आकाशात पट्टे उमटतात. यावर उपाय म्हणजे त्या भागावर अगदी सूक्ष्म दाणेदारपणा शिंपडणे. डोळ्याला दाणे दिसत नाहीत, पट्टे मात्र मोडतात. हे ज्ञान कुठल्या अभ्यासक्रमात शिकवले गेले नाही; सभासदांनी एकमेकांसाठी लिहिलेल्या धड्यांतूनच ते पसरले.

शिवाय वजन सांभाळायचे. १०२४ बाय ७६८ म्हणजे ७,८६,४३२ पिक्सेल. प्रत्येकाला तीन बाइट धरले तर चित्र सव्वादोन मेगाबाइटचे होते, म्हणजे १.४४ मेगाबाइटच्या फ्लॉपीत न मावणारे. जेपेग पद्धतीने दाबून ते दोन-तीनशे किलोबाइटवर आणले, तरी ५६ के मोडेमवर उतरायला पाऊण ते एक मिनिट लागे. आपल्याकडच्या फोनलाइनवर त्याहून अधिक. मुंबई-पुण्याच्या सायबर कॅफेत तासाचे पैसे मोजून वॉलपेपर उतरवणाऱ्यांना हा हिशेब चांगला आठवत असेल.

साधनेही पुष्कळ होती. फोटोशॉपमध्ये थरावर थर चढवणे ही सर्वांत प्रचलित रीत. 'टेराजेन' या सॉफ्टवेअरने काल्पनिक डोंगर-दऱ्या उभ्या करता येत. 'अ‍ॅपोफिसिस' या विनामूल्य सॉफ्टवेअरने गणिती सूत्रांतून धुरासारखी, पिसासारखी 'फ्रॅक्टल फ्लेम' चित्रे निघत. त्यामागचे तंत्र स्कॉट ड्रेव्हज यांनी १९९२ मध्ये शोधले होते. असे एखादे चित्र पूर्ण तपशिलात काढायला घरचा संगणक रात्रभर चालत ठेवावा लागे. या हौशीचा व्यवसाय करणारेही निघाले. रायन ब्लिस या अमेरिकी कलाकाराने १९९७ मध्ये 'डिजिटल ब्लास्फेमी' हे आपले संकेतस्थळ सुरू केले आणि वर्गणीदारांच्या बळावर वॉलपेपर तयार करणे हीच उपजीविका केली. पण अशी उदाहरणे थोडी.

बाकीच्यांची अर्थव्यवस्था नावावर चाले. एकजण ढगांची, गंजलेल्या पत्र्यांची, जुन्या कागदांची छायाचित्रे 'स्टॉक' म्हणून उपलब्ध करून देई. दुसरा फोटोशॉपचे ब्रश देई. तिसरा ते वापरून वॉलपेपर तयार करी. वापरणाऱ्याने आपल्या चित्राखाली कुणाचे काय घेतले ते लिहायचे, मूळ कामाचा दुवा द्यायचा आणि मूळ मालकाला दोन ओळींचा निरोप धाडायचा, अशा अटी बहुतेक स्टॉक देणाऱ्यांनी घातलेल्या असत. एकेका वॉलपेपरखाली अशी आठ-दहा नावे दिसत. कुणी चोरी केली तर इतर सभासदच ती उघडकीस आणत आणि तक्रार झाली की व्यवस्थापन चित्र काढून टाके. या पंचायतीत क्वचित निर्दोष माणसावरही शिंतोडे उडत. पण कायद्याचा बडगा न दाखवता, देशोदेशीच्या अनोळखी मुलांनी एवढी शिस्त पाळली, हे कमी नाही.

ही शिस्त कुंपणाच्या आत होती. चित्र बाहेर पडले की ती संपे. वॉलपेपरचे संग्रह करणारी शेकडो संकेतस्थळे चित्रे उचलत, कोपऱ्यातली सही कापून टाकत आणि वर स्वतःचा शिक्का मारत. आपल्याकडेही गणेशोत्सवात बाप्पांची, शिवजयंतीला गडकिल्ल्यांची चित्रे ई-मेल आणि ऑर्कुटवरून फिरत. त्यांतले छायाचित्रकार, सुलेखनकार कोण, हे बहुधा कुणी लिहीत नसे आणि कुणी विचारतही नसे.

'इंटरनेटवर आहे म्हणजे सर्वांचे आहे' हा समज कायद्याने चुकीचा आहे. भारताच्या १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार चित्र निर्माण होताच त्यावर निर्मात्याचा हक्क असतो. नोंदणीची गरज नाही. हा हक्क कलाकाराच्या हयातीत व त्यानंतर ६० वर्षे टिकतो. याच कायद्याचे कलम ५७ विशेष महत्त्वाचे आहे. कलाकाराने आर्थिक हक्क विकून टाकले, तरी ती कृती आपली आहे असे सांगण्याचा त्याचा अधिकार उरतोच. वॉलपेपर करणाऱ्या पोरांची 'नाव राहू द्या' ही मागणी म्हणजे एका अर्थी हेच कलम. प्रत्यक्षात दोन-तीनशे किलोबाइटच्या चित्रासाठी दुसऱ्या देशातल्या संकेतस्थळावर खटला कोण भरणार?

मधला मार्ग 'क्रिएटिव्ह कॉमन्स'ने काढला. डिसेंबर २००२ मध्ये आलेल्या या परवान्यांमुळे, 'वापरा, पण नाव द्या' किंवा 'वापरा, पण धंद्यासाठी नको' असे आधीच जाहीर करण्याची सोय झाली. डेव्हिअंटआर्टवर हे परवाने निवडता येऊ लागले. भारतीय कायद्याशी जुळवून घेतलेले त्यांचे रूप जानेवारी २००७ मध्ये पवईच्या आयआयटीत जाहीर झाले. 'उबुंटू' या मुक्त संगणकप्रणालीने पुढे अशाच परवान्याखाली जगभरच्या हौशी कलाकारांकडून वॉलपेपर मागवले आणि निवडलेली चित्रे प्रणालीबरोबर, नावानिशी वाटली.

दरम्यान पडदाच बदलला. मोबाइल आल्यावर चित्र आडव्याचे उभे झाले आणि डेस्कटॉप सजवण्याची हौस ओसरली. फेब्रुवारी २०१७ मध्ये 'विक्स' या कंपनीने ३ कोटी ६० लाख डॉलरना डेव्हिअंटआर्ट विकत घेतले. खरा हादरा बसला तो नोव्हेंबर २०२२ मध्ये. शब्दांत वर्णन लिहिले की चित्र काढून देणारे 'ड्रीमअप' हे कृत्रिम बुद्धिमत्तेचे साधन डेव्हिअंटआर्टने स्वतःच सुरू केले. ज्या 'स्टेबल डिफ्यूजन' या प्रणालीवर ते आधारलेले होते, तिला इंटरनेटवरून गोळा केलेल्या प्रचंड चित्रसंग्रहावर शिकवण्यात आले होते. त्या चित्रांच्या कर्त्यांना ना कुणी विचारले, ना दोन ओळींचा निरोप धाडला.

संताप उसळला, त्यामागे आणखी एक कारण होते. आपले चित्र अशा शिक्षणासाठी वापरू नये, असे सभासदाने स्वतः कळवले तरच मनाई लागू होणार होती. गप्प बसणाऱ्याची संमती गृहीत होती. वीस वर्षे 'आधी विचारा, मग वापरा' असे शिकवणाऱ्या घरातच हे घडले. गदारोळानंतर कंपनीने नियम तातडीने उलटा केला आणि सर्व कलाकृतींवर मनाईची खूण आपोआप लागू लागली. मात्र ही खूण म्हणजे दारावरची पाटी आहे, कुलूप नव्हे; ती मानायची की नाही, हे चित्रे गोळा करणाऱ्यावर अवलंबून. जानेवारी २०२३ मध्ये तीन कलाकारांनी स्टॅबिलिटी एआय, मिडजर्नी आणि डेव्हिअंटआर्ट यांच्याविरुद्ध सॅन फ्रान्सिस्कोच्या संघीय न्यायालयात दावा दाखल केला. ऑगस्ट २०२४ मध्ये न्यायाधीशांनी स्वामित्वहक्काच्या मुख्य मुद्द्यांवर तो पुढे चालू देण्याचा आदेश दिला.

वाचकांपैकी कुणाच्या पडद्यावर एखादे आवडते, पण बेवारस चित्र असेल, तर त्याचा कर्ता शोधणे आता तितकेसे अवघड नाही. २००८ मध्ये 'टिनआय'ने आणि २०११ मध्ये गुगलने चित्रावरूनच चित्र शोधण्याची सोय केली. हाती आलेल्या प्रतींपैकी सर्वांत जुनी व सर्वांत मोठ्या आकाराची प्रत जेथे असेल, तेथे बहुधा मूळ कर्ता सापडतो. जुनी हार्ड डिस्क जपून ठेवली असेल तर काम आणखी सोपे. डेव्हिअंटआर्टवरून उतरवलेल्या फाइलच्या नावातच आधी चित्राचे शीर्षक, मग 'बाय' हा शब्द आणि त्यापुढे कलाकाराचे टोपणनाव असे. फाइल दुसऱ्याला देताना आपण तेच नाव खोडून 'वॉल १', 'वॉल २' असे करत होतो. ज्या फाइली तशाच राहून गेल्या असतील, त्यांतले 'बाय'नंतरचे नाव शोधून पाहावे. कित्येकांची खाती अजून तेथे आहेत आणि चित्राखाली चार शब्द लिहिण्याची जागाही.