प्लॅन २०० एमबीपीएसचा, स्पीड ९५वरच? आधी राउटर तपासा

जादा पैसे भरून २०० एमबीपीएसचा प्लॅन घेतला, तरी स्पीड टेस्टचा आकडा ९५च्या पुढे सरकत नाही? मग दोष घरातल्या जुन्या राउटरचा असू शकतो. अनेक स्वस्त राउटरचे पोर्ट १०० एमबीपीएसचेच असतात. मोडेममधून कितीही वेग आला, तरी पुढे तेवढाच जातो.

काय तपासाल?

- पोर्ट : राउटरच्या माहितीत '१०/१००' लिहिले असेल, तर 'गिगाबिट' पोर्टचा राउटर घ्या.
- केबल : मोडेम-राउटरमधील केबल 'कॅट ५ई' किंवा त्यापुढची हवी. आतल्या आठपैकी एक तार तुटली, तरी वेग १००वर घसरू शकतो.
- वाय-फाय : स्पीड टेस्ट राउटरजवळ, ५ गिगाहर्ट्झवर करा.

हे सगळे ठीक असूनही वेग मिळत नसेल, तर कंपनीकडे तक्रार करा. महागडा प्लॅन घेण्याची घाई नको.