उत्तर यंत्राचे, जबाबदारी कोणाची?

दसरा-दिवाळी उलटली की दिंद्रुड परिसरातील अनेक घरांमधील कर्ती माणसे कोयता घेऊन ऊसतोडीला निघतात. पुढील काही महिने घरी उरतात ती म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे. त्यांपैकी कोण कोणाला सांभाळते, हे सांगणे अवघड असते.

गेल्या हंगामात अशाच एका घरातील आजींना शेजाऱ्यांनी माझ्या दवाखान्यात आणले. अंग घामाने चिंब, बोलणे असंबद्ध, रक्तातील साखर ४२. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर त्या भानावर आल्या आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "पोरगं जेवलं का?"

ते 'पोरगं' म्हणजे नववीत शिकणारा नातू. दोन दिवस आजींना जुलाब-उलट्या होत होत्या. पोटात अन्न नव्हते. साखरेची गोळी द्यावी का, हे त्याने मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले. 'डॉक्टरांना विचारल्याशिवाय मधुमेहाची गोळी बंद करू नये,' असे उत्तर आले. त्याने गोळी दिली. उत्तर सर्वसाधारणपणे बरोबरच होते. पण आजींनी काही खाल्लेले नाही, हे मुलाने सांगितले नव्हते आणि यंत्राने विचारले नव्हते.

संध्याकाळी पुण्याहून चुलते आले. "मोबाइलचं ऐकून गोळ्या देतो व्हय रे?" असे सर्वांदेखत बोलले. तोडीवरून आईचा फोन आला. ती स्वतःलाच बोल लावत रडत होती. मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा होता.

मी माझीच जुनी चिठ्ठी मागवली. तीत ग्लिमेपिराइडची मात्रा आणि वेळ होती. जेवण गेले नाही तर काय करावे, हे मात्र लिहिलेले नव्हते. ती चूक माझी होती आणि तसे मी चुलत्यांना सांगितले.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासाठी व कल्याणासाठी असलेला २००७ चा कायदा मुलांबरोबर नातवंडांवरही जबाबदारी टाकतो. परंतु अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांना तो वगळतो. जे ओझे कायदा मुलाच्या खांद्यावर ठेवत नाही, ते आपण ठेवले आणि वर दोषही त्यालाच दिला. टेलिमेडिसिनविषयीच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसारही कृत्रिम बुद्धिमत्तेला रुग्णास परस्पर सल्ला देण्याची वा औषध लिहून देण्याची मुभा नाही; तो अधिकार नोंदणीकृत डॉक्टरांचाच. यंत्र डॉक्टरांच्या मदतीला असू शकते, त्यांच्या जागी नव्हे.

वाचकहो, दोष शोधण्यापूर्वी घरात एवढे करून ठेवावे. प्रत्येक औषधाबाबत 'जेवण गेले नाही, उलट्या झाल्या तर काय करावे?' हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे. इन्सुलिन मात्र आपल्या मनाने कधीही बंद करू नये. घाम, थरथर, गोंधळलेपणा दिसल्यास आणि रुग्ण शुद्धीवर असल्यास तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी. शुद्ध हरपली असल्यास तोंडात काहीही घालू नये, १०८ ला फोन करावा. बरे वाटले तरी डॉक्टरांना दाखवावे. या गोळ्यांमुळे साखर काही तासांनी पुन्हा उतरू शकते. बाहेरगावी असलेल्या कर्त्या माणसाने रोज ठरलेल्या वेळी फोन करून 'आज जेवलात का?' हे आधी विचारावे, गोळीचे नंतर.

आजी आता बऱ्या आहेत. गोळ्यांच्या डब्यावर नातवाच्या अक्षरात एक कागद चिकटवला आहे: 'आजी जेवली नाही तर गोळी देण्याआधी डॉक्टरांना फोन.' खाली माझा आणि चुलत्यांचा नंबर आहे. चुलत्यांचा नंबर त्यांनी स्वतःच लिहिला आहे.