मंगलाष्टकं अजून कार्डातच आहेत

वसमतच्या मोंढ्यात नवी हळद यायला लागते, त्याच दिवसांत तालुक्यातली लग्नंही भरात येतात. शूटिंगवाल्यांना सकाळी एक मांडव, संध्याकाळी दुसरा. त्या धावपळीत ऐन मंगलाष्टकांत कॅमेऱ्याची बॅटरी बसते, किंवा रेकॉर्डिंग चालू असतानाच कोणीतरी कार्ड काढून घेतं. रात्री मिक्सिंगला बसल्यावर क्लिप दिसते, तिचा आकारही दहा-बारा जीबी दिसतो, पण ती चालत नाही. ‘कार्ड करप्ट झालं’ म्हणून तिथेच सोडून देणारे पुष्कळ आहेत. मला ते पटत नाही, कारण अशा बहुतेक वेळी चित्रीकरण कार्डावर जसंच्या तसं असतं. ते खरं पुसलं जातं ते नंतरच्या घाईत.

बिघडतं नेमकं काय?

आजचे बहुतेक कॅमेरे आणि मोबाइल एमपीफोर किंवा एमओव्ही प्रकारची फाइल बनवतात. या दोन्हींचं मूळ अॅपलच्या क्विकटाइममध्ये आहे. फाइलचे दोन मोठे भाग असतात. ‘एमडॅट’मध्ये प्रत्यक्ष चित्र आणि आवाज असतो. ‘मूव’मध्ये त्याची सूची असते: कोणती फ्रेम कुठे सुरू होते, किती वेळ दाखवायची, आवाजाचा तुकडा कुठे आहे, चित्र कोणत्या पद्धतीने उलगडायचं. रेकॉर्डिंग चालू असताना एमडॅट वाढत राहतो. मूव मात्र बहुतेक कॅमेरे स्टॉपचं बटण दाबल्यावरच लिहितात. त्याआधी बॅटरी गेली तर पोती गोदामात थप्पीला लागलेली, पण कोणाचं पोतं कुठलं ते लिहिलेली वही नाही, अशी गत होते. माल पूर्ण आहे, पण सांगणारं कोणी नाही.

जुन्या हँडीकॅमच्या एमटीएस फाइलला हा त्रास फारसा होत नाही. ती छोट्या छोट्या पाकिटांत लिहिली जाते आणि अर्ध्यावर तुटली तरी तिथपर्यंतचं चित्र सहसा चालतं.

आधी कार्ड बाजूला ठेवा

त्या कार्डावर पुढचं एकही दृश्य घेऊ नका. एसडी कार्डाच्या कडेला असलेली बारीक कळ खाली सरकवून ते लॉक करा. मायक्रो एसडीला अशी कळ नसते, पण त्याच्या अडॅप्टरला असते. कॉम्प्युटर ‘फॉरमॅट करू का’ किंवा ‘स्कॅन करून दुरुस्त करू का’ असं विचारेल. दोन्हींना नाही म्हणा. विंडोजची दुरुस्ती फाइलींची नोंद जुळवते, व्हिडिओ वाचवत नाही. उलट ती कार्डावरच लिहिते आणि अर्धवट फाइलचे तुकडे वेगळ्या नावांनी विखरून ठेवते.

मग संपूर्ण कार्डाची प्रत काढा. फाइली ओढून कॉपी करणं वेगळं. इथे कार्डाचा पहिल्यापासून शेवटपर्यंतचा प्रत्येक बाइट एका इमेज फाइलमध्ये उतरवायचा असतो. ६४ जीबीचं कार्ड असेल तर हार्ड डिस्कवर तेवढीच जागा मोकळी हवी. लिनक्सवर यासाठी जीएनयू डीडीरेस्क्यू हा मोफत प्रोग्रॅम आहे. तो आधी नीट वाचता येणारा भाग उतरवून घेतो आणि अडणाऱ्या जागांकडे नंतर वळतो, त्यामुळे मरायला टेकलेल्या कार्डावर ताण कमी पडतो. हे काम चार्ज असलेल्या लॅपटॉपवरच करावं, मध्येच लाइट गेली तर खोळंबा नको. कार्ड अडखळत असेल तर आधी रीडर बदलून पाहा, कारण पुष्कळदा दोष स्वस्तातल्या रीडरचा निघतो. पुढचे सगळे प्रयोग या प्रतीवर करायचे.

याला एक अपवाद: गोप्रो आणि डीजेआयचे ड्रोन अर्धवट राहिलेली फाइल स्वतः दुरुस्त करू शकतात. प्रत हातात आली की कार्ड त्याच यंत्रात परत घाला, पूर्ण भरलेली बॅटरी लावा आणि चालू करून थोडा वेळ थांबा.

फाइल दिसते, पण चालत नाही

इथे खरं काम नमुना क्लिपचं आहे. इटलीतल्या फेडेरिको पोंकिओ यांनी बनवलेला ‘अनट्रंक’ हा मोफत प्रोग्रॅम दोन फाइली मागतो: एक बिघडलेली आणि एक चांगली. चांगल्या फाइलच्या मूवमधून तो त्या कॅमेऱ्याची लिहिण्याची पद्धत शिकतो, मग बिघडलेल्या फाइलमधली एकेक फ्रेम ओळखत नवी सूची तयार करतो.

म्हणून नमुना त्याच कॅमेऱ्याचा आणि त्याच सेटिंगचा हवा. लग्न फुल एचडीत २५ फ्रेमवर घेतलं असेल आणि नमुना फोर-के ५० फ्रेमचा दिला, तर हाती हिरवे-राखाडी चौकोन येतील. त्याच दिवशीची, त्याच कार्डावरची दुसरी क्लिप सर्वांत उत्तम. ती नसेल तर त्याच सेटिंगवर नवी क्लिप घ्या, मात्र वेगळ्या कार्डावर. दुरुस्त फाइलमध्ये कधी आवाज ओठांच्या मागेपुढे होतो. तो मिक्सिंगमध्ये सरकवून घेता येतो. फाइलचं नाव बदलून किंवा शेवटचं एक्स्टेन्शन बदलून मात्र काहीही साधत नाही.

घाबरण्याआधी कार्डावरचे बाकीचे तुकडेही पाहा. ३२ जीबीपर्यंतची कार्डं सहसा फॅट३२ पद्धतीची असतात आणि त्यात एका फाइलला ४ जीबीची मर्यादा असते. म्हणून कॅमेरा लांब रेकॉर्डिंगचे भाग पाडतो. सेकंदाला ५० मेगाबिट या दराने असा एक भाग साधारण अकरा मिनिटांत भरतो. आधीचे भाग नीट बंद झालेले असतात, बिघडलेला असतो तो फक्त शेवटचा.

फाइलच दिसत नाही

क्लिप डिलीट होते तेव्हा साधारणपणे तिची नोंद जाते, मजकूर नवं काही वर लिहिलं जाईपर्यंत राहतो. साध्या फॉरमॅटचंही बहुधा तसंच. फ्रान्सच्या क्रिस्तोफ ग्रेनिए यांचा मोफत ‘फोटोरेक’ ही नोंद बाजूला ठेवून फाइलच्या सुरुवातीच्या खुणा शोधतो. शून्य बाइटची दिसणारी फाइलही कधी कधी अशीच सापडते. मूळ नावं मिळत नाहीत, क्लिप उघडून ओळखाव्या लागतात. सापडलेलं सगळं दुसऱ्या डिस्कवर साठवा.

फोटोरेकची अडचण तुकड्यांची आहे. कार्डावरच्या मधल्या मधल्या क्लिपा डिलीट करून जागा केली असेल तर नवी क्लिप त्या फटींमध्ये विखरून बसते आणि सलग सापडत नाही. एकेक क्लिप डिलीट करण्याऐवजी दोन ठिकाणी प्रत झाल्यावर पूर्ण कार्ड कॅमेऱ्यातच फॉरमॅट करणं म्हणूनच बरं.

कुठे थांबायचं

फाइलमध्ये नुसती शून्यं भरलेली असतील, तर कोणताही प्रोग्रॅम तिला जिवंत करू शकत नाही. नकली कार्डांचं हेच होतं: वर १२८ जीबी छापलेलं, आत जागा त्याहून कितीतरी कमी. ‘एचटूटेस्टडब्ल्यू’ किंवा ‘एफथ्री’ने नवं कार्ड तपासता येतं. मोबाइलमध्ये कार्ड इंटर्नल स्टोरेज म्हणून लावलं असेल तर त्यावरचा मजकूर कुलूपबंद असतो आणि किल्ली त्या मोबाइलमध्येच असते. म्हणून मोबाइल रीसेट करू नका. कुठलाच रीडर कार्ड ओळखत नसेल तर मोठ्या शहरातल्या डेटा रिकव्हरी लॅबचा रस्ता धरावा. तिथे थेट चिपमधून मजकूर वाचण्याचा प्रयत्न होतो. खर्च मोठा असतो, म्हणून निर्णय लग्नघरच्यांना विचारून व्हावा. काय घडलं हे त्यांना त्याच दिवशी सांगितलं, तर पाहुण्यांच्या मोबाइलमधल्या क्लिपा पुसल्या जाण्याआधी मागवता येतात.

पुढच्या लग्नाला निघताना

दोन कार्डांचे खण असतील तर दोन्हींवर एकाच वेळी रेकॉर्डिंग लावा. अंतरपाट धरण्याआधीच बॅटरी बदला. आणि लग्नघरी पेनड्राइव्ह पोचून सगळं चालल्याचा फोन येईपर्यंत ते कार्ड फॉरमॅट करू नका.