उल्लेखांची खतावणी आणि एक नेत्रवैद्य

विद्वानाच्या कार्याचे मोल त्याच्या लेखनाचे इतरांनी किती वेळा उल्लेख केले यावरून ठरवावे, ही रीत आज विद्यापीठांच्या दफ्तरांत इतकी मुरली आहे, की तिचा जन्म मुळात निराळ्याच हेतूने झाला होता याचे स्मरण फारसे कोणास उरलेले नाही. यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात उल्लेखसूचीची कल्पना मांडली, तेव्हा एखाद्या जुन्या निबंधावर पुढे कोणी कोणते आक्षेप घेतले, हे अभ्यासकाला सहज कळावे, हा त्यांचा एक प्रधान उद्देश होता. माणसे तोलण्याचे काम तिच्यावर पुढे लादले गेले. २००५ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ हिर्श यांनी एच-निर्देशांक काढला आणि ज्याचे वीस निबंध प्रत्येकी किमान वीस वेळा उल्लेखिले गेले त्याचा निर्देशांक वीस, असा सोपा हिशेब नेमणुकांच्या आणि बढत्यांच्या मसलतींत रूढ झाला.

या हिशेबाची परीक्षा घ्यावयाची तर हरमिंदर सिंग दुआ यांच्या संशोधनाइतके उद्बोधक उदाहरण नेत्रवैद्यकात क्वचितच आढळेल. नागपुरात वैद्यकाचे शिक्षण घेऊन पुढे इंग्लंडातील नॉटिंगहॅम विद्यापीठात नेत्रवैद्यकाचे प्राध्यापक झालेल्या या संशोधकाचे लेखन जगभर उल्लेखिले जाते. परंतु ते उल्लेख एका जातीचे नाहीत. गर्भवेष्टनाच्या पातळ पटलाचा नेत्रशस्त्रक्रियेत कसा उपयोग होतो, याविषयी त्यांनी सहकाऱ्यांसह २००४ मध्ये लिहिलेला आढावा घ्या. विखुरलेले ज्ञान एके ठिकाणी मिळते म्हणून प्रत्येक नवा लेखक त्याचा आधार घेतो. ही सेवा मोलाची खरी, पण ती शोधाची नव्हे.

२००१ चा त्यांचा निबंध मात्र वेगळ्या कुळीचा आहे. तंबाखूला लावावयाच्या चुन्याची पुडी मुलाच्या हातात फुटते, चुना डोळ्यात जातो, आणि अंगणातला खेळ क्षणात रुग्णालयाच्या दारी येतो. हा प्रसंग आपल्याकडील नेत्रवैद्यांना अपरिचित नाही. अशा दाहात बुबुळाच्या कडेवर सारे अवलंबून असते, कारण कॉर्नियाचा वरचा थर पुन्हा घडविणाऱ्या मूलपेशी तेथेच वसतात. रोपर-हॉल यांच्या १९६५ च्या जुन्या प्रतवारीत या कडेचा निम्म्याहून अधिक भाग गेला, की डोळा शेवटच्या, म्हणजे चौथ्या प्रतीत जाई. मग सात तासांचा भाग जळालेला असो वा बाराही तासांचा. दुआ यांनी कड घड्याळाच्या तबकडीप्रमाणे तासांत मोजली, सभोवारच्या आवरणाची हानी शेकड्यात मोजली आणि सहा प्रती ठरविल्या. ज्या डोळ्यांना पूर्वी एकच निराशेचा शिक्का बसे, त्यांतले काही वाचविण्याजोगे आहेत, हे यामुळे कागदावर दिसू लागले. अपघात विभागातला तरुण डॉक्टर रात्री दोन वाजता केसपेपरावर ही प्रत लिहितो, तेव्हा तो कोणाचा उल्लेख करीत नाही. म्हणून या उपयोगाची नोंद कोणत्याही सूचीत सापडणार नाही.

तिसरा प्रकार वादाचा. अर्ध्या मिलिमीटरहून किंचित जाड अशा कॉर्नियाचे पाच थर विद्यार्थी पिढ्यान्‌पिढ्या पाठ करीत आले. २०१३ मध्ये दुआ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेत्रपेढीतून मिळालेल्या ३१ नमुन्यांत हवा भरून पाहिली. बुडबुडा फुगल्यावर त्यांनी मागचे देसमे पटल अलगद सोलून काढले, आणि तरीही बुडबुडा फुगलेलाच राहिला! हवा अडविणारे दुसरे काहीतरी तेथे आहे, हा निष्कर्ष त्यातून निघाला. सुमारे १० मायक्रॉन जाडीच्या त्या थराला ‘दुआ थर’ हे नाव मिळाले. ही युक्ती मला फार सुंदर वाटते, कारण तिच्यात महागड्या यंत्रापेक्षा नजर आणि हात यांचे काम अधिक आहे. परंतु सूक्ष्मदर्शकाने तपासणाऱ्या काही अभ्यासकांनी, हा स्वतंत्र थर नसून मधल्या जाड थराचाच शेवटचा पदर आहे, असे प्रतिपादिले. शोधकाने आपलेच नाव द्यावे काय, यावरही वाद झाला. त्या निबंधाच्या उल्लेखसंख्येत समर्थक आणि विरोधक एकाच रांगेत उभे आहेत. थराचे नाव काहीही ठरो, चेन्नईचे अमर अगरवाल आणि दुआ यांनी तो पदर सोबत घेऊन कॉर्निया-प्रत्यारोपणाची नवी पद्धत २०१४ मध्ये प्रसिद्ध केली, आणि शस्त्रक्रियेच्या मेजावर त्या ज्ञानाचा उपयोग झाला, ही वस्तुस्थिती आहे.

सोय म्हणून, साधन म्हणून आणि विरोधासाठी केलेले उल्लेख खतावणीत एकाच रकान्यात मांडले जातात, हा या मापाचा मूलभूत दोष होय. शोधनिबंधांच्या संख्येवर बढती देणाऱ्या आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांना म्हणूनच आग्रहाची विनंती आहे, की उमेदवाराचे निर्देशांक मागविण्यापूर्वी त्याचे तीन निबंध मागवावेत, आणि समितीच्या प्रत्येक सभासदाने ते मुलाखतीआधी पूर्ण वाचावेत.