मार्गदर्शकच नाही, तर पीएच.डी. कोठली?

विद्यापीठाची पीएच.डी. प्रवेशाची जाहिरात निघाली की सीमाभागातील मराठीत एम. ए. झालेली मुले-मुली लगबगीने अर्ज भरतात, शुल्क भरतात, परीक्षेच्या तयारीला लागतात. जाहिरातीसोबत विषयवार रिक्त जागांचा तक्ता असतो, तो मात्र सर्वांत शेवटी पाहतात. आमचे म्हणणे, तो आधी पाहावा. मराठीपुढे एखादा लहानसा आकडा असतो, नाही तर नुसती आडवी रेघ.

ही रेघ येते कोठून? संशोधनाच्या जागा विद्यार्थी किती यावर ठरत नाहीत, मार्गदर्शक किती यावर ठरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चार संशोधक घेता येतात. पण तो कायम नोकरीतला हवा. अतिथी व्याख्याता वर्षानुवर्षे वर्ग सांभाळील, मार्गदर्शक मात्र होणार नाही. शिवाय निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या अध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणजे गुरुजींचा निरोप समारंभ व्हायच्या तीन वर्षे आधीच विभागाचे दार अर्धे लागलेले असते. मागे जागा भरली नाही की ते पुरतेच लागते, आणि त्याचा आवाजही होत नाही.

नेट परीक्षेत मराठी हा विषय आहे. दुसरा पेपर मराठीचा. पहिला मात्र इंग्रजी किंवा हिंदीतच सोडवावा लागतो. हा अडथळा पार करून कनिष्ठ संशोधन पाठ्यवृत्ती मिळवली, तर २०२३ पासूनच्या दराने महिना ३७ हजार रुपये मिळतात. खानापूर-निपाणीकडच्या शेतकरी घरात ही रक्कम थोडकी नव्हे. पण ठरावीक मुदतीत पीएच.डी.ला नोंदणी झाली नाही तर ती हातची जाते. नोंदणीला मार्गदर्शक लागतो, आणि मार्गदर्शकाच्या नावापुढे ती रेघ!

अभ्यासाला विषय नाहीत असे कोण म्हणेल? सांगली जिल्ह्यातील कुपवाड येथे मराठी, कन्नड आणि उर्दू एकमेकींच्या वळणाने कशा बोलल्या जातात, यावर गम्पर्झ आणि विल्सन यांनी १९७१ साली लिहिलेला निबंध आजही जगभरचे भाषाशास्त्रज्ञ वाचतात. तसलीच बोली आमच्या बेळगावच्या बाजारात रोज कानावर पडते. संगीत नाटकाचे अण्णासाहेब किर्लोस्कर याच जिल्ह्यातील गुर्लहोसूरचे. १९४६ चे साहित्य संमेलन बेळगावचे, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव तेथलाच. ही सामग्री धुंडाळायला बाहेरगावचा अभ्यासक येईलही. पण आजीच्या तोंडची बोली त्याला कोण समजावून देणार?

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. आमच्या वाट्याला त्यातून एक भरलेली प्राध्यापकाची जागा आली असती तरी पुष्कळ होते.

तोवर अर्जदारांनी एवढे करावे. शुल्क भरण्याआधी विभागात स्वतः जावे. मार्गदर्शक कोण, त्यांच्याकडे जागा किती आणि त्यांची निवृत्ती कोणत्या साली, हे तोंडावर विचारावे. उद्धटपणा वाटला तरी विचारावे. आणि धारवाड, कोल्हापूर, गोवा या तिन्ही विद्यापीठांच्या जाहिरातींवर एकदमच नजर ठेवावी; एकाच ठिकाणी वाट पाहत बसले तर पाठ्यवृत्तीची मुदत काही थांबत नाही.