मोरीतील भोवरा आणि पृथ्वीचे परिवलन

पाण्याने भरलेल्या टाकीचे बूच काढले, की पाणी भोवरा करीत खाली जाते. हा भोवरा उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने आणि दक्षिण गोलार्धात काट्यांच्या दिशेने फिरतो, असे विधान अनेकदा ऐकावयास मिळते. त्याच्या पुष्ट्यर्थ पृथ्वीच्या परिवलनाचा दाखला दिला जात असल्याने ते शास्त्रशुद्धही वाटते. विद्यार्थ्याने याविषयी विचारले, तर केवळ ‘होय’ किंवा ‘नाही’ म्हणून भागत नाही. विधानामागील तत्त्व खरे आहे. मोरीच्या बाबतीत मात्र ते लागू पडत नाही.

तत्त्व कोणते?

पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विषुववृत्तावरील स्थळाचा वेग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर असतो. ध्रुवाकडे जावे तसतसा तो कमी होत जातो. त्यामुळे दूरवर वाहणारे वारे व सागरी प्रवाह सरळ न जाता उत्तर गोलार्धात उजवीकडे व दक्षिण गोलार्धात डावीकडे वळतात. फिरत्या यंत्रांचा अभ्यास करताना गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८३५ मध्ये यासंबंधीचे गणित मांडले. म्हणून या परिणामास त्याचे नाव मिळाले.

प्रमाणाचा विचार

हा परिणाम अत्यंत मंद असतो. पृथ्वी एका मिनिटात केवळ पाव अंश फिरते. मुंबई सुमारे १९ अक्षांशावर असल्याने तेथील जमिनीच्या वाट्यास या गतीचा जेमतेम एक तृतीयांश भाग येतो. लहान भांडे रिकामे होण्यास मिनिटभर लागते. तेवढ्या वेळात तेथील जमीन स्वतःभोवती एक दशांश अंशही वळत नाही. याउलट नळाच्या धारेने, हाताच्या हालचालीने, भांड्याच्या उताराने किंवा भोकाच्या कडेवरील खरबरीतपणाने पाण्याला मिळणारी गती कितीतरी अधिक असते. भोवऱ्याची दिशा तीच ठरविते. म्हणूनच एकाच घरातील दोन मोऱ्यांत दोन दिशांचे भोवरे दिसू शकतात.

प्रयोगाचा निर्णय

पाण्यावर हा परिणाम मुळीच होत नाही, असे मात्र नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेतील प्राध्यापक ॲशर शपिरो यांनी १९६२ मध्ये याची कसोटी घेतली. सहा फूट व्यासाच्या टाकीत सहा इंच पाणी मुद्दाम काट्यांच्या दिशेने फिरेल असे भरण्यात आले. तासा-दोन तासांनी बूच काढले असता पाणी भरतानाच्या दिशेनेच फिरले. परंतु टाकी झाकून ते २४ तास स्थिर ठेवल्यावर भोवरा काट्यांच्या उलट दिशेने फिरला. १९६५ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे अशाच काळजीने केलेल्या प्रयोगात तो काट्यांच्या दिशेने फिरला. तात्पर्य, पृथ्वीचा प्रभाव दिसण्यासाठी आधी इतर सर्व गती शमवाव्या लागतात.

केनियातील नान्युकी येथे विषुववृत्त ओलांडणाऱ्या रस्त्यावर प्रवाशांना एक खेळ दाखविला जातो. रेषेपासून काही पावले उत्तरेस पाणी एका दिशेने आणि तितकेच दक्षिणेस उलट दिशेने फिरते. वास्तविक विषुववृत्तावर हा परिणाम शून्य असतो. त्यापासून वीस मीटरवर जमिनीला या अर्थाने स्वतःभोवती एक फेरा पूर्ण करण्यास आठशेहून अधिक वर्षे लागतील! अर्थात भोवऱ्याची दिशा भांडे भरणाऱ्या किंवा फिरविणाऱ्या हाताकडूनच येते.

तत्त्वाचे खरे क्षेत्र

जेथे अंतर शेकडो किलोमीटरचे व कालावधी दिवसांचा असतो, तेथे हेच तत्त्व प्रभावी ठरते. दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे पावसाळ्यात विषुववृत्त ओलांडतात, उजवीकडे वळतात आणि नैर्ऋत्य मोसमी वारे होऊन महाराष्ट्रास पाऊस देतात.

चक्रीवादळाचेही तसेच आहे. कमी दाबाच्या केंद्राकडे चोहोबाजूंनी धावणारी हवा उजवीकडे वळत राहिल्याने उत्तर गोलार्धातील वादळ घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरते. कोकणासाठी या माहितीचे व्यावहारिक मोल आहे. समुद्रावरून पूर्वेकडे सरकणारे वादळ किनाऱ्यास धडकते, तेव्हा केंद्राच्या दक्षिणेकडील गावांत वारा समुद्राकडून जमिनीवर येतो व पाणी आत लोटतो. उत्तरेकडे तो प्रायः जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आले. अशा प्रसंगी आपले गाव केंद्राच्या कोणत्या बाजूस येणार, हे ग्रामपंचायतीने ध्यानी घेणे अगत्याचे आहे. अर्थात दोन्ही बाजूंस धोका असतोच. हवामान खात्याच्या सूचना सर्वांनीच पाळावयाच्या असतात.

शाळेतील पडताळा

शिक्षकांना यासाठी महागडी साधने लागणार नाहीत. तळाच्या मध्यभागी भोक असलेली बादली बूच लावून भरावी. पाणी हाताने हलकेच एका दिशेने ढवळून बूच काढावे. नंतर उलट दिशेने ढवळून तोच प्रयोग पुन्हा करावा. दोन्ही वेळा भोवरा ढवळण्याच्या दिशेनेच फिरलेला विद्यार्थ्यांना दिसेल. गोलार्ध तर बदललेला नसतो! नियम खरा असला, तरी तो कोठे व किती प्रमाणात लागू पडतो हे पारखून घ्यावे लागते, ही शिकवण एका बादलीतून विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचू शकते.